परदेशी सरकारची पेन्शन, आपला आयकर आणि दीडशे वर्षांचा हिशेब

आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

रिटर्न भरायचे दिवस दरवर्षी येतात. २०२५ मध्ये ३१ जुलैची तारीख पुढे ढकलून १५ सप्टेंबर केली होती, म्हणून गर्दी आणखी वाढली होती. या दिवसांत मला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. कोणी फोन करतं, कोणी इनबॉक्समध्ये लिहितं. "भाऊ, बाबा अमेरिकेत चोवीस वर्षं नोकरी करून परत आले. तिकडच्या सरकारची पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. ती इथल्या रिटर्नमध्ये दाखवायची काय? तिथं तर कर कापूनच येते."

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर एका ओळीत बसत नाही. दहा लोकांना विचारा, दहा उत्तरं मिळतील. कोणी म्हणतो, तिथं कर कटला म्हणजे इथं विषय संपला. कोणी म्हणतो, सगळं इथं दाखवून पुन्हा कर भरा. कोणी म्हणतो, गुपचूप राहा, नालवाडीतल्या माणसाचं अमेरिकेत काय चाललंय हे कोणाला कळणार. यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात धोक्याचं आहे. का, ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास. एका सरकारची पेन्शन दुसऱ्या मुलखात बसून खाणं आणि तिच्यावर कर कोणी घ्यायचा हे भांडण, या दोन्ही गोष्टी आपल्याकडं जुन्या आहेत. आज उलटलीय ती फक्त पैशाची दिशा.

पेशव्यांची पेन्शन

परक्या सरकारच्या पेन्शनचं आपल्याकडचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे दुसरा बाजीराव. १८१८ साली राज्य गेलं, कंपनी सरकारनं वर्षाला ८ लाख रुपये बांधून दिले आणि पेशवे बिठूरला जाऊन राहिले. १८५१ मध्ये बाजीराव वारले, तशी कंपनीनं पेन्शन बंद केली. दत्तकपुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्ला खानांना थेट लंडनला पाठवलं, पण उपयोग झाला नाही. पुढं १८५७ साली काय झालं ते सांगायला नको.

आपला भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. वर्धा हा वेगळा जिल्हा म्हणून १८६२ मध्ये नकाशावर आला. म्हणजे आपल्या जिल्ह्याचं आणि हिंदुस्थानातल्या आयकराचं वय जवळजवळ सारखंच आहे.

आयकर आला तो उठावाच्या खर्चासाठी

१८५७ च्या उठावानं सरकारची तिजोरी रिकामी केली होती. ती भरायला जेम्स विल्सन नावाचे अर्थतज्ज्ञ लंडनहून आले आणि २४ जुलै १८६० ला आयकर लागू झाला. वर्षाला २०० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला माफी, ५०० पर्यंत २ टक्के, त्यावर ४ टक्के. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले. तो कायदा पाच वर्षांनी संपला, पण कर कायमचा गेला नाही. १८८६ मध्ये पक्का कायदा झाला. त्यात उत्पन्नाचे चार भाग पाडले होते आणि पहिल्याच भागाचं नाव होतं पगार आणि पेन्शन. आजही आपण पेन्शन पगाराच्या रकान्यात दाखवतो, त्याचं मूळ तिथं आहे.

त्याच काळात दुसरीकडं एक मोठी रक्कम दरवर्षी हिंदुस्थानातून लंडनला जात होती. तिला होम चार्जेस म्हणत. कर्जाचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमीचं व्याज, लष्करी सामानाची खरेदी, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च आणि इथं नोकरी करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा आकडा वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख पाउंड होता. म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि मिठावरच्या करातून जमलेला पैसा इंग्लंडातल्या निवृत्त साहेबांच्या घरी जायचा.

यावर पहिला आवाज उठवणाऱ्यांत आपली माणसं होती. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पत्रात यावर लिहिलं. दादाभाई नौरोजींनी त्याला आकड्यांचा आधार दिला आणि १९०१ मध्ये त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढं साक्ष दिली, तेव्हा ते जेमतेम तीस-एकतीस वर्षांचे होते. या सगळ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस नोकरी इथं करतो, पगार इथला खातो, पण त्याची बचत आणि पेन्शन दुसऱ्या देशात खर्च होते. ज्या मातीतून पैसा निघाला तिथं तो फिरत नाही.

त्यात विनिमय दराची भर. १८७० च्या सुमारास रुपयाची किंमत जवळपास २ शिलिंग होती. चांदी घसरत गेली तसा रुपया घसरला आणि १८९४ पर्यंत १ शिलिंग १ पेनीच्या आसपास आला. साहेबाची पेन्शन पाउंडात तेवढीच, पण ती भरायला इथं रुपये जवळपास दुप्पट लागायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

मगनवाडीचा हिशेबनीस

आता आपल्या गावाकडं या. वर्ध्याची मगनवाडी सगळ्यांना माहीत आहे. पण तिथं १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा मुळात कोण होते, हे किती जणांना ठाऊक आहे? तंजावरकडचा माणूस, लंडनला शिकलेला अकाउंटंट, मुंबईत हिशेब तपासणीचा व्यवसाय करणारा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केला. सरकार कर कोणाकडून घेतं आणि तो कोणावर खर्च करतं, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

१९३१ मध्ये काँग्रेसनं एक समिती नेमली. ब्रिटन आणि हिंदुस्थान यांच्यात देण्याघेण्याचा जो हिशेब आहे, त्यातलं हिंदुस्थाननं खरोखर किती देणं लागतं, हे तिनं तपासायचं होतं. बहादुरजी, भुलाभाई देसाई, के. टी. शाह आणि कुमारप्पा हे सदस्य, निमंत्रक कुमारप्पा. स्वराज्य आलं तर हे सगळं ओझं आपण का उचलावं, असा सरळ प्रश्न त्या कामामागं होता. त्याच दशकात इथं नालवाडीत विनोबा सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहण्याचा प्रयोग करत होते. एकाच गावाच्या परिसरात एक माणूस दिवसाच्या मजुरीचे आणे मोजत होता आणि दुसरा साम्राज्याचे कोट्यवधी पाउंड. आपल्याला वर्धा म्हटलं की चरखा आठवतो. हिशेबाची वहीही आठवायला हवी.

साहेबांच्या पेन्शनीला कायद्याचं कवच

आता कराचा मुद्दा. इंग्लंडात कायमचे राहायला गेलेल्या साहेबांच्या पेन्शनवर हिंदुस्थाननं कर लावायचा का? त्यांना भीती होती, उद्या कायदेमंडळात हिंदी सदस्य बसले की ते पहिला हात आपल्या पेन्शनवर टाकतील. म्हणून १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्येच लिहून ठेवलं, की हिंदुस्थानबाहेर कायम राहणाऱ्या अशा जुन्या नोकरांच्या पेन्शनीवर इथलं केंद्र किंवा प्रांत कर लावू शकणार नाही. साध्या आयकर कायद्यात नाही, थेट राज्यघटनेसारख्या कायद्यात.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा या पेन्शनींचं काय करायचं हा प्रश्न होताच. महायुद्धात ब्रिटननं आपल्याकडून माल आणि सेवा उधारीवर घेतल्या होत्या, त्याचे पाउंड लंडनला आपल्या खात्यावर जमले होते. जुलै १९४८ च्या करारात त्यातलेच सुमारे १६ कोटी ८० लाख पाउंड केंद्राच्या आणि प्रांतांच्या पेन्शनींपोटी वळते झाले. त्या बदल्यात ठरावीक वर्षं हप्त्यानं पाउंड मिळत राहतील आणि त्यातून पेन्शनी भागवायच्या, अशी सोय. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे स्वतः आयसीएस आणि नोकरीची सुरुवात आपल्या मध्यप्रांतात केलेले. पुढं १९५५ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून या पेन्शनींची जबाबदारी आपल्याकडं घेतली.

पण गंमत पाहा. १९६१ च्या आपल्या स्वतंत्र भारताच्या आयकर कायद्यात कलम ९ चं दुसरं उपकलम राहिलंच. घटनेच्या अनुच्छेद ३१४ खालचे जुने अधिकारी आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या आधी नेमलेले न्यायाधीश भारताबाहेर कायम राहत असतील, तर बाहेर मिळणारी त्यांची पेन्शन भारतात उत्पन्न झाली असं धरायचं नाही. अनुच्छेद ३१४ तर १९७२ च्या २८ व्या घटनादुरुस्तीनं गेला, तरी आयकरातलं उपकलम राहिलं.

म्हणजे इथून तिकडं जाणाऱ्या पेन्शनीसाठी नियम एका वाक्यात स्पष्ट लिहिला होता. तिकडून इकडं येणाऱ्या पेन्शनीचं काय? तिथं खरी गुंतागुंत सुरू होते.

दिशा उलटली

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ ला सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली. म्हणजे ज्या वर्षी साहेबाच्या पेन्शनला आपल्याकडं कवच मिळालं, त्याच वर्षी. त्यात पगारातून ठरावीक टक्का कापायचा, मालकानं तेवढाच घालायचा आणि म्हातारपणी सरकारनं महिन्याला पैसे द्यायचे. आज हा दर दोन्ही बाजूंना ६.२ टक्के आहे.

१९६५ मध्ये अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपले डॉक्टर, इंजिनीअर तिकडं जाऊ लागले. १९८१ मध्ये शिकागोला बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, यावरून मराठी वस्ती किती वाढली होती ते कळतं. विदर्भातूनही पुष्कळ गेले. आपल्या सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ चं. सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलेली ती पिढी आज सत्तरीत आहे. काही जण परत आले. कोणाला इथली माती हवी होती, कोणाला आईवडिलांचं घर, कोणाला तिथला एकटेपणा नको होता. त्यांच्यासोबत त्यांची पेन्शनही आली.

हा पैसा कष्टाचा आहे. चाळीस तिमाह्या, म्हणजे किमान दहा वर्षं कापून घेतल्याशिवाय तो मिळत नाही. आता तो इथं वर्ध्याच्या बाजारात, इथल्या दवाखान्यात, इथल्या घरकामाच्या बाईच्या पगारात खर्च होतो. दादाभाईंनी जो प्रवाह मोजला, त्याच्या बरोबर उलटा.

कर कोणाचा? तीन पेन्शनी, तीन उत्तरं

भारत आणि अमेरिकेनं १२ सप्टेंबर १९८९ ला दिल्लीत दुहेरी कर टाळण्याचा करार केला. तो १८ डिसेंबर १९९० पासून अमलात आला. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या कराराच्या अनुच्छेद १९ आणि २० मध्ये आहे. लोकांची गल्लत होते ती इथंच, कारण "अमेरिकेची पेन्शन" या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

एक, सोशल सिक्युरिटी. अनुच्छेद २० चा दुसरा परिच्छेद सांगतो की ही रक्कम जो देश देतो, फक्त त्याच देशात करपात्र. म्हणजे अमेरिकेची सोशल सिक्युरिटी भारतात राहणाऱ्या माणसाला मिळाली, तर कर फक्त अमेरिकेचा.

दोन, खासगी कंपनीची पेन्शन किंवा ४०१(के) सारख्या निवृत्ती खात्यातली रक्कम. पहिल्या परिच्छेदानं पेन्शन जिथं माणूस राहतो तिथं करपात्र केली आहे. म्हणजे माणूस भारतात निवासी असेल तर कर इथं.

तीन, अमेरिकी सरकारच्या नोकरीची पेन्शन. अनुच्छेद १९ प्रमाणे ती अमेरिकेत करपात्र. पण माणूस भारताचा निवासी आणि भारताचा नागरिकही असेल, तर मात्र भारतात. नागरिकत्वानं उत्तर फिरतं ते इथं.

ब्रिटनचं तर वेगळंच. २५ जानेवारी १९९३ च्या करारात सर्वसाधारण पेन्शन, म्हणजे तिथली स्टेट पेन्शनसुद्धा, माणूस राहतो त्या देशात करपात्र आहे. तेव्हा लंडनहून परत आलेल्या काकाजींची स्टेट पेन्शन इथल्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून धरावी लागते. शेजारी-शेजारी राहणारे दोन निवृत्त लोक, एकाला वॉशिंग्टनचे डॉलर आणि दुसऱ्याला लंडनचे पाउंड, आणि दोघांचं कराचं उत्तर बरोबर उलटं. म्हणून "त्यांनी असं केलं, आपणही तसंच करू" ही पद्धत इथं चालत नाही.

आकड्यात बघू

उदाहरणादाखल धरा, एका बाईंना महिन्याला १,५०० डॉलर सोशल सिक्युरिटी मंजूर आहे. वर्षाचे १८,००० डॉलर. बाई भारतीय नागरिक आहेत, ग्रीनकार्ड परत केलेलं. अमेरिका अशा अनिवासी परकीयांच्या रकमेचा ८५ टक्के भाग करपात्र धरते आणि त्यावर ३० टक्के कापते. म्हणजे एकूण २५.५ टक्के. वर्षाला ४,५९० डॉलर कापले गेले, हाती आले १३,४१०. डॉलर ८५ रुपये धरला तर हाती साधारण ११ लाख ४० हजार. वर्ष संपल्यावर त्यांना एसएसए-१०४२एस नावाचा कागद येतो, त्यावर हे सगळं असतं.

आता कोणी अर्धवट माहितीवर ही पूर्ण १८,००० डॉलरची रक्कम, म्हणजे १५ लाख ३० हजार, इथल्या करपात्र उत्पन्नात टाकली, तर बाईंना ज्या पैशावर भारतात कर लागतच नाही त्यावर कर बसेल. उलट कोणी रिटर्नच भरलं नाही, तर बँकेत डॉलरची आवक दिसते आणि रिटर्न नाही, म्हणून नोटीस येऊ शकते. दोन्हीकडं नुकसान बाईंचंच.

रुपयाच्या घसरणीची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं. १९८९ मध्ये करार झाला तेव्हा डॉलर १६ रुपयांच्या आसपास होता. आज तो पाचपटीच्या वर आहे. तेव्हा साहेबाच्या पेन्शनसाठी आपल्याला जास्त रुपये मोजावे लागायचे, आता परत आलेल्या आपल्या माणसाला तेवढ्याच डॉलरचे जास्त रुपये मिळतात. पण ब्रिटनवाल्यांचं तसं नाही. भारतात राहणाऱ्या पेन्शनरची ब्रिटिश स्टेट पेन्शन गोठवलेली असते. तिथं दरवर्षी वाढ होते, इथं राहणाऱ्याला ती मिळत नाही. भारतात आल्यावर जी रक्कम ठरली, तीच शेवटपर्यंत.

दाखवणं आणि भरणं या दोन गोष्टी आहेत

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. कर लागत नाही याचा अर्थ दाखवायचं नाही असा होत नाही. निवासी माणसाला परदेशी उत्पन्न किंवा परदेशी खातं असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ किंवा व्यवसाय असेल तर आयटीआर-३ लागतो. करारामुळं जे उत्पन्न इथं करपात्र नाही, त्यासाठी सूट उत्पन्नाच्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल ईआयमध्ये, वेगळी जागा आहे. तिथं देशाचं नाव आणि कराराचा अनुच्छेद लिहायचा. जे परदेशी उत्पन्न इथं करपात्र आहे ते शेड्यूल एफएसआयमध्ये. तिथं भरलेल्या कराची वजावट हवी असेल तर शेड्यूल टीआर आणि सोबत फॉर्म ६७. आणि परदेशातलं बँक खातं, शेअर, निवृत्ती खातं हे शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात.

या शेड्यूल एफएचाही इतिहास आहे. २०११ च्या सुमारास परदेशी बँकांतल्या काळ्या पैशाच्या याद्यांवरून देशभर वादळ उठलं. त्यानंतर २०१२ च्या वित्त कायद्यानं परदेशी मालमत्ता असलेल्या निवासी माणसाला रिटर्न सक्तीचं केलं, उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं तरी. २०१५ मध्ये काळ्या पैशाचा स्वतंत्र कायदा आला आणि परदेशी मालमत्ता न दाखवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद झाली. त्याच वर्षी ९ जुलैला अमेरिकेशी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला, आणि इतर अनेक देशांशी खात्यांच्या माहितीची आपोआप देवाणघेवाण २०१७ पासून सुरू झाली. म्हणून "कोणाला कळणार" हे उत्तर धोक्याचं म्हटलं. दिल्लीला आधीच कळलेलं असतं, फक्त तुमच्या रिटर्नशी जुळतं का एवढंच बघायचं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्यानं अशा लोकांना मेसेज आणि ईमेल पाठवण्याची मोहीमच काढली होती.

जाळं टाकलं होतं स्विस बँकेतल्या बड्या माशांसाठी. त्यात अडकायची भीती वाटते ती मुलाबरोबर जॉइंट खातं असलेल्या निवृत्त बाईला. हे सरकारच्याही लक्षात आलं असावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून बाकीच्या परदेशी मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल तर तो १० लाखांचा दंड लागत नाही. पण दंड नाही म्हणून दाखवणं टळत नाही, हेही ध्यानात घ्या.

आणखी दोन सोयी आहेत ज्या लोकांना माहीतच नसतात. नुकतेच परत आलेल्यांना काही काळ "निवासी पण सर्वसाधारण निवासी नाही" असा दर्जा मिळतो. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल किंवा मागच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिला नसाल, तर. त्या काळात बाहेर मिळवलेलं, बाहेरच हाती आलेलं उत्पन्न इथं करपात्र नसतं आणि शेड्यूल एफएही भरावं लागत नाही. दुसरी सोय कलम ८९ए ची, २०२१ च्या वित्त कायद्यातली. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवर तिथं पैसे काढताना कर लागतो, पण आपल्याकडं दरवर्षी वाढीवर मागितला जायचा. दोन्हीकडचं वर्ष जुळेना, वजावट मिळेना. आता फॉर्म १०-ईई भरून इथला करही तिथल्याच वर्षी द्यायचा पर्याय आहे. एकदा निवडला की मागं फिरता येत नाही, तेव्हा विचार करून भरा.

वर्षाच्या गोंधळाचंही एक सांगतो. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. आपलंसुद्धा १८६७ पर्यंत १ मे पासून सुरू व्हायचं, मग ब्रिटनशी जुळवण्यासाठी एप्रिल झालं. आज उत्पन्न एप्रिल-मार्चनं आणि शेड्यूल एफए मात्र कॅलेंडर वर्षानं भरायचं असतं. अमेरिकेच्या कागदावरचा आकडा उचलून तसाच इथं टाकला की तिथंच चूक होते.

नवं निःसारण

शेवटचा मुद्दा, आणि हा फक्त निवृत्तांचा नाही. आज आपल्या गावातली तरुण पोरं एच-१बी वर जातात. पाच-सहा वर्षं राहतात, दर महिन्याला ६.२ टक्के कापून घेतात, मालकही तेवढेच भरतो. चाळीस तिमाह्या व्हायच्या आत व्हिसा संपला, परत आली, की त्या पैशातून त्यांना पेन्शन नाही. बेल्जियमशी आपला सामाजिक सुरक्षेचा करार २००९ पासून चालू आहे, कॅनडाशी २०१५ पासून. अशा करारांमुळं थोड्या मुदतीसाठी गेलेल्याचे पैसे दोनदा कापले जात नाहीत किंवा दोन्ही देशांतली वर्षं एकत्र मोजता येतात. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला, त्याच्या जोडीनं दुहेरी वर्गणी टाळण्याचंही ठरलं. अमेरिकेशी मात्र असा करार अजून नाही. भारत वर्षानुवर्षं मागतोय.

तर्खडकर-दादाभाई-गोखल्यांनी विचारलेला प्रश्न इथं पुन्हा उभा राहतो. कष्ट कोणाचे आणि म्हातारपण कोणाचं पोसलं जातं? तेव्हा आपण साहेबांचं पोसलं. आज आपली पोरं तिथल्या म्हाताऱ्यांचं पोसतात आणि स्वतः रिकाम्या हातानं परत येतात. याविरुद्ध खासदारांना विचारायला हवं, पण आपल्याकडं निवडणुकीत हा विषय कधी निघत नाही.

आणि एक मागणी स्थानिक पातळीवरची. १९३५ साली साहेबांच्या पेन्शनीसाठी कायद्यात एक स्वच्छ कलम होतं. आपल्या सत्तर वर्षांच्या बाईला ईआय, एफएसआय, टीआर, एफए ही चार परिशिष्टं इंग्रजीत समजून घ्यावी लागतात. या विषयावर मराठीत दोन पानांची साधी पुस्तिका निघायला काय हरकत आहे? नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदलले. त्यासोबतच हे काम करून टाकावं. निवृत्तांच्या संघटनांनी आणि आपल्याकडच्या सीए मंडळींनी पुढाकार घेतला तर एका रविवारचं शिबिरही पुरेल.

मी पत्रकार आहे, सीए नाही. तुमचा कागद तुमच्या सीएला दाखवाच. पण जाताना चार गोष्टी सोबत न्या. पेन्शन नेमकी कोणत्या प्रकारची आहे त्याचा कागद, गेल्या दहा वर्षांत भारतात किती दिवस राहिलात त्याचा हिशेब, नागरिकत्व कोणतं आहे ते, आणि परदेशातल्या प्रत्येक खात्याचं १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट. एवढं असलं की निम्मं काम झालं.

ज्यांच्या घरी, नात्यात, शेजारी असं कोणी असेल त्यांना ही पोस्ट पाठवा. काही चुकलं असेल, जाणकारांनी खाली लिहावं. आणि ज्यांनी अजून रिटर्न भरलं नाही त्यांनी शेवटच्या तारखेची वाट बघू नका, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.